बायकोसाठी जुनी टूरिंग बाईक घेताना

आधी तिच्या अंगाला नीट बसणाऱ्या पँटचं किंवा लेगिंगचं माप गुपचूप घ्या: आतल्या शिवणीनं जांघेपासून पायापर्यंत. जुन्या रॉयल एनफिल्ड हिमालयन 411 ची सीट 800 मिमी उंच आणि वजन जवळपास 200 किलो. पाय नीट टेकत नसतील तर गाडी कितीही चांगली असो, पांदणीच्या चिखलात आडवी होणारच.

गाडी पाहायला सकाळी जा. चालू करण्याआधी इंजिनला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिनचे दोष झाकायला मालकानं आधीच तापवून ठेवलेली असू शकते; दुसऱ्या दिवशी न सांगता जा. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑइल जळतं. पुढचं चाक अधांतरी उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, गेला. आपल्याकडे काळी माती आणि पाणी तिथं शिरतं, म्हणून हे चुकवू नका. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, नळीवर तेलाचं ओलं कडं दिसलं तर ऑइल सील बदलावं लागेल. टायरवर 2319 असा आकडा म्हणजे तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी असं रबर कडक झालेलं असतं.

चेसिस नंबर आरसीशी जुळवा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी विकल्याची सूचना देणाऱ्या फॉर्म 29 वर विकणाऱ्याची सही घ्या. नाव बदलायच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म 30 वर मात्र घेणाऱ्याचीही सही लागते, म्हणजे गाडी थेट तिच्या नावावर करायची तर गुपित आरटीओच्या दारापर्यंतच टिकतं. चावी दिल्यावरच ती सही घ्या.