बीपीसाठी वजनाचं ऑपरेशन करताय? मग गोळ्यांचा हिशेब आधी लावा

आमच्या मोठ्या दिरांचं वजन उतरवायचं ऑपरेशन (पोट लहान करतात ते, बॅरिअ‍ॅट्रिक) झालं तेव्हा त्यांना बीपीच्या तीन गोळ्या चालू होत्या. घरी आल्यावर दहाव्या दिवशी सकाळी उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन बेडवरच परत बसले, आम्हाला वाटलं आत टाक्यांचं काहीतरी बिनसलं, मशीन लावलं तर 92/58. जुन्या तिन्ही गोळ्या तशाच चालू होत्या ना! डिस्चार्जच्या कागदावर त्याबद्दल काही नव्हतं आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. तुमचं असं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

आधी बीपी नीट मोजा

दंड जाड आणि मशीनचा पट्टा लहान असेल तर बीपी उगाच जास्त दिसतं. मोठा पट्टा आणा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. मग फिजिशियनकडे जा. किडनी, थायरॉईड, अ‍ॅड्रिनल ग्रंथी यांच्यामुळेही बीपी वाढतं, ते तसंच राहिलं तर पोट लहान करून काय उपयोग? रात्री जोरात घोरत असाल तर स्लीप स्टडी पण करून घ्या, झोपेत श्वास अडकतो (याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात) त्यानेही बीपी चढतं.

तुम्ही त्यात बसता का

आधी बीएमआय काढा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती: वजन किलोत, त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. म्हणजे उंची 1.65 आणि वजन 98 तर बीएमआय 36. 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत 35 च्या वर, दुसरा आजार नसला तरी, ऑपरेशन सुचवावं असं आहे आणि आपल्या आशियाई लोकांसाठी ती रेषा 27.5 वर आणलीय. पण नुसतं बीपी आहे म्हणून कुणी थेट ऑपरेशन टेबलवर घेत नाही. ऑपरेशन वजनाचं असतं, बीपीचा फायदा त्याच्यासोबत येतो.

फायदा किती, ते खरं खरं

पोटातली चरबी किडनीला दाबते, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, नसा सतत ताणात राहतात. वजन उतरलं की हे सगळं सैल पडतं. ब्राझीलमध्ये साओ पावलोला गेटवे नावाचा अभ्यास झाला, बीएमआय 30 ते 39.9 असलेले आणि किमान दोन गोळ्या घेणारे 100 पेशंट, निम्म्यांना बायपास (हृदयाचा नाही, पोटाचा: पोट लहान करून आतड्याला जोडतात) आणि गोळ्या, निम्म्यांना नुसत्या गोळ्या. वर्षाने बीपी 140/90 च्या खाली ठेवून गोळ्या 30 टक्के किंवा जास्त कमी झालेले लोक बायपासवाल्यांत साधारण 84 टक्के, दुसऱ्या गटात 13. बायपासवाल्या निम्म्या लोकांच्या तर गोळ्याच सुटल्या. म्हणजे उरलेल्या निम्म्यांच्या सुटल्या नाहीत, हेही वाचा. आणि हा अभ्यास बायपासचा आहे, आपल्याकडे बऱ्याच जणांची स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग कापून नळीसारखं करतात) होते, तेव्हा सर्जनला विचारा की माझ्यासाठी कुठलं आणि का.

इन्शुरन्स

इथे गंमत आहे. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमात बीएमआय 40 किंवा 35 आणि सोबत ठराविक आजार लागतो: हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्यात नसलेली टाइप 2 डायबेटिस वगैरे. त्या यादीत नुसतं बीपी नाही! म्हणून स्लीप स्टडी आणि शुगरचे रिपोर्ट आधीच फाईलला लावा आणि प्री-ऑथ (विमा कंपनीची आगाऊ मंजुरी) मिळाल्याशिवाय तारीख घेऊ नका.

ऑपरेशनच्या आधी

तंबाखू, सिगरेट, मिश्री बंद, कमी नाही, बंद. फॅटी लिव्हर आकसावं म्हणून साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचं खाणं देतात, ते मनापासून पाळा. त्या दिवशी सकाळी कुठली बीपीची गोळी घ्यायची आणि कुठली नाही, हे भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. घरी आल्यावर कुठली गोळी किती, हे पण लिहून घ्या!

घरी आल्यावर, खरं काम इथे

बीपी वजनाची वाट बघत नाही, पहिल्या काही दिवसांतच उतरू शकतं. त्यात पाणी घोट घोट जातं, ताक, वरणाचं पाणी, मुगाचं कढण एवढंच पोटात, आणि वर लघवीची गोळी चालू असेल तर अंग कोरडं पडतं, किडनीवरही ताण येतो. म्हणून रोज दोनदा मोजा, एकदा बसून आणि मग उभं राहून एक-दोन मिनिटांनी. चक्कर आली किंवा वरचा आकडा 100 च्या खाली गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. स्वतःहून गोळी बंद करायची नाही हं, काही गोळ्या एकदम थांबवल्या तर बीपी उसळतं. नावापुढे ईआर, एक्सएल असलेली (हळूहळू विरघळणारी) गोळी चुरायची नाही, ती बायपासनंतर वेगळी शोषली जाऊ शकते, बदलून मिळते का विचारा. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणू नका, अल्सरचा धोका आणि बीपीही वाढतं.

बी12, लोह, कॅल्शियम, डी या गोळ्या मात्र कायमच्या. (भाऊजी म्हणतात, दोन गोळ्या गेल्या आणि चार आल्या.) तीन-चार महिन्यांनी दंड बारीक झाला की पट्टा पुन्हा बदला, मोठ्या पट्ट्याने आता बीपी कमी दाखवतं.

आणि वही बंद करू नका. भाऊजींची एकच गोळी उरली होती, ती पण अर्धी झाली होती. मागच्या दिवाळीत चिवडा-शेव थोडं थोडं दिवसभर चाललं, वजन चार किलो वर, बीपीचा वरचा आकडा 150 च्या आसपास, आणि अर्धी गोळी परत पूर्ण झाली. वही होती म्हणून आठवड्यात कळलं.