डिलिव्हरी गाड्यांचे चार्जिंग पॉइंट कुठे बसवायचे?

आधी नकाशा नको, गाड्या कुठे उभ्या राहतात त्याच्या नोंदी बघा. जीपीएसवरून किमान दोन आठवड्यांच्या नोंदी काढा, त्यातला एक आठवडा गर्दीच्या हंगामातला असू द्या. गाडी २० मिनिटांहून जास्त थांबते ती ठिकाणं वेगळी करा. बहुतेक वेळा तीनच निघतात: रात्रीचा डेपो, माल भरण्याचा धक्का आणि चालकांची जेवणाची जागा.

मग विजेचा हिशेब. समजा २० छोट्या व्हॅन आहेत, प्रत्येकी रोज ८० किमी धावते आणि किमीला ०.२५ युनिट खाते. झाले ४०० युनिट. चार्जिंगमधली घट धरून साधारण ४५०. रात्रीचे ८ तास हातात असतील तर सरासरी ५७ किलोवॅट पुरतात. पण ७.४ किलोवॅटचे वीसही पॉइंट एकदम चालू झाले तर भार १४८ वर जातो, आणि संध्याकाळी परतल्यावर सगळे चालक नेमके एकाच वेळी प्लग लावतात. मेन ब्रेकर पडतो तो तेव्हाच. भार वाटून देणारी यंत्रणा बसवली तर ७५ किलोवॅटच्या जोडणीत काम भागतं.

गाडीतला चार्जरही तपासा; एसी पॉइंटची वीज त्याच्यातूनच बॅटरीत जाते. तो ३.३ किलोवॅटचा असेल तर २२ किलोवॅटच्या एसी पॉइंटवरही गाडी ३.३ च घेणार. वरचा खर्च वाया.

धक्क्यावर गाडी ४० मिनिटं थांबत असेल तर डीसी पॉइंटचा, म्हणजे गाडीतला चार्जर वगळून थेट बॅटरीला वीज देणाऱ्या जलद पॉइंटचा, विचार करा. ४० युनिटच्या बॅटरीला २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला २४ युनिट लागतात. गाडी ५० किलोवॅट घेऊ शकत असेल तर हे अर्ध्या तासाच्या आसपास होतं. ८० टक्क्यांपुढे वेग घसरतो, म्हणून तिथे पूर्ण भरत बसू नका.

वाटेतल्या पॉइंटसाठी ३ किमी आडवाट म्हणजे जाऊन-येऊन ६ किमी. वीज दीड युनिटच जाते, पण चालकाची १५-२० मिनिटं जातात. महाग पडतात ती हीच.

जागेचा करार करण्याआधी तिथल्या ट्रान्सफॉर्मरवर किती भार शिल्लक आहे ते वीज कंपनीकडून लेखी घ्या. हे उलट क्रमाने केलं की भाडं सुरू होतं आणि जोडणीची वाट बघत बसावं लागतं. पॅनेलपासून पॉइंट जितका लांब, तितकी केबल जाड आणि खोदकाम जास्त. सिंगल फेज पॉइंट तिन्ही फेजवर सारखे वाटा. प्रत्येक ३२ अँपिअरच्या पॉइंटला स्वतंत्र ४० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) द्या. डीसी गळतीही ओळखली जाईल असं संरक्षण हवं. साधा एसी टाइप आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) फक्त एसी गळती ओळखतो, तो इथे चालत नाही.

शेवटी गाडी प्रत्यक्ष उभी करून बघा. सॉकेट पुढे आहे की बाजूला, आणि केबल शेजारच्या गाडीच्या चाकाखाली तर येत नाही? पाऊस पडून गेल्यावर पाणी कुठे साचतं तेही बघा. तळघर असेल तर मोबाइलची रेंज तपासा, कारण ॲपवर चालणारा पॉइंट रेंजशिवाय बहुतेक वेळा सुरूच होत नाही.