आर-३९०ए ला टेलिप्रिंटर जोडताना

आर-३९०ए या रेडिओ रिसीव्हरमधून येतो आवाज, टेलिप्रिंटरला (आलेला मजकूर कागदावर छापणाऱ्या यंत्राला) मात्र हवा चालू-बंद होणारा करंट. म्हणून मध्ये डिमॉड्युलेटर, म्हणजे स्वरांवरून करंट चालू-बंद करणारं सर्किट, लागतोच. आर-३९०ए च्या मागच्या ६०० ओहमच्या लाइन आउटपुटवरून शिल्डेड वायरने सिग्नल त्याच्या इनपुटला द्या.

खरी मेहनत लूपवर, म्हणजे डिमॉड्युलेटर चालू-बंद करतो त्या टेलिप्रिंटरच्या करंटच्या सर्किटवर, घ्या. माझ्या मॉडेल २८ टेलिप्रिंटरमध्ये सिलेक्टर मॅग्नेटची (अक्षर निवडणाऱ्या विद्युतचुंबकाची) दोन्ही कॉइल पॅरलल जोडलेली आहेत, म्हणून ६० मिलिअँपियर लागतात. सीरिजमध्ये २० पुरतात. मी १२० व्होल्ट डीसी आणि एकूण सुमारे २ किलोओहम रेझिस्टन्स ठेवतो. त्यात साधारण ७ वॉट उष्णता होते, म्हणून २५ वॉटचा रेझिस्टर घ्या. कमी व्होल्टेजवर काम भागवू नका. कॉइलच्या इंडक्टन्समुळे करंट सावकाश चढतो आणि अक्षरं चुकतात. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. मिलिअँमीटर सीरिजमध्ये लावून करंट बघा. हात घालण्याआधी सप्लाय बंद, कपॅसिटर डिस्चार्ज. हे व्होल्टेज जीव घेऊ शकतं.

टेलिप्रिंटरचा मजकूर मार्क आणि स्पेस या दोन स्वरांतून येतो; हौशी रेडिओ स्टेशनांचा शिफ्ट (त्या दोन स्वरांमधला फरक) १७० हर्ट्झ, वेग ४५.४५ बॉड (सेकंदाला तितके संकेत). रिसीव्हरची बँडविड्थ १ किलोहर्ट्झ ठेवा आणि बीएफओ (सिग्नलला ऐकू येणारा स्वर देणारा रिसीव्हरमधला ऑसिलेटर) मध्यापासून सुमारे २.२ किलोहर्ट्झ सरकवा, म्हणजे २१२५ आणि २२९५ हर्ट्झचे स्वर मिळतील. सिग्नल स्वच्छ असूनही कागदावर गडबडगुंडा उमटला तर बीएफओ मध्याच्या दुसऱ्या बाजूला न्या: मार्क आणि स्पेस उलटे झालेले असतात.

यंत्र नुसतं खडखडत राहिलं, तर लूप कुठेतरी तुटलाय.