विलेम स्लावाताचं चरित्र लिहायचंय? आधी तारखा लावा

विलेम स्लावाता (१५७२–१६५२) हा बोहेमियाचा (आजच्या चेकियातला प्रदेश) कॅथलिक सरदार, राजाच्या गैरहजेरीत प्रागचा कारभार पाहणाऱ्या मंडळातला.

पहिलं काम पंचांगाचं. बोहेमियात १५८४ पासून ग्रेगरियन कालगणना होती, इंग्लंड मात्र ज्युलियनवरच राहिलं. फरक १० दिवसांचा. म्हणून प्रोटेस्टंट सरदारांनी स्लावाता, त्याचा मंडळातला सहकारी मार्टिनिट्स आणि लेखनिक फाब्रिसियस यांना प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकल्याची तारीख कुठे २३ मे १६१८ असते, कुठे १३ मे. दोन घटना समजू नका. प्रत्येक नोंदीपुढे ‘जुनी’ (ज्युलियन) की ‘नवी’ (ग्रेगरियन) हे लगेच लिहा. (शिवराज्याभिषेकाची ६ जूनही ज्युलियनच.)

नावंही जुळवा: चेक कागदांतला विलेम जर्मनमध्ये विल्हेल्म होतो.

सर्वाधिक घोळ जहागिरीचा. यिंड्रिखुव ह्रादेत्स त्याची वडिलोपार्जित नव्हती. १६०२ मध्ये लुसी ओटिलीशी लग्न झालं, १६०४ मध्ये तिचा भाऊ वारला आणि मग ही जहागीर तिच्यामार्फत स्लावाताकडे आली. वंशावळ काढताना सासरची बाजू सोडली, तर त्याची संपत्ती कुठून आली हेच कळत नाही.

खिडकीतून फेकलेले तिघं वाचले कसे, यावर कॅथलिकांनी मेरीमातेची कृपा सांगितली, प्रोटेस्टंटांनी खालचा उकिरडा. दोन्ही लिहा, पण कोण बोलतंय ते नोंदवून.