सिग्नलवर गाडी तापते? आधी पंखा बघा

वर्धा रोडवर गाडी छान पळते, पण व्हरायटी चौकात सिग्नलला थांबली की टेंपरेचरचा काटा वर सरकतो. अशा वेळी पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्या. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार.

गाडी सावलीत उभी करून इंजिन चालू ठेवा, एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला लागतो. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा छोटा स्विच) बघा. शेजारच्या तशाच रिलेशी अदलाबदल करून पाहिली की दोन मिनिटांत कळतं. तरीही ढिम्म असेल तर मेकॅनिककडून पंख्याला थेट १२ व्होल्ट देऊन बघा. फिरला तर मोटर चांगली आहे, दोष वायरिंग किंवा सेन्सरमध्ये.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. तिथे धूळ, कापूस, किडे यांचा नमदा बसलेला असतो. बाहेरून जाळी स्वच्छच दिसते.

कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच तपासा. गरम रेडिएटरचं झाकण कृपा करून उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.