ल्युकेमियाच्या पेशीत प्रथिन डीएनएवर कुठे बसतं? चिप-सेक शिकू पाहणाऱ्यांसाठी

लहान मुलांच्या बी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियात, पाश्चात्त्य देशांत तरी, सुमारे २५ टक्के रुग्णांमध्ये १२ आणि २१ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली सापडते. त्यातून ईटीव्ही६-रंक्स१ हे जोडप्रथिन तयार होतं. ते डीएनएवर नेमकं कुठे बसतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. ते शोधायची पद्धत म्हणजे चिप-सेक: अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिन ओळखून धरणारा रेणू, वापरून ते प्रथिन त्याला चिकटलेल्या डीएनएसकट बाहेर काढायचं आणि तो डीएनए वाचायचा (सिक्वेन्सिंग). या कामात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी अँटिबॉडीबद्दल विचारते, सॉफ्टवेअरचं नंतर.

कारण असं. जोडप्रथिनात ईटीव्ही६चा पुढचा भाग असतो आणि रंक्स१ जवळजवळ अख्खं. डीएनएला धरणारा भाग रंक्स१चा, म्हणून ते रंक्स१च्याच जागा शोधतं: टीजीटीजीजीटी ही अक्षरं. आता रंक्स१ची अँटिबॉडी वापरलीत, तर नेहमीचं रंक्स१ आणि जोडप्रथिन दोन्ही हाती लागतात. कोणतं कुठलं, ते कळत नाही. इथे रेह ही पेशी-मालिका, म्हणजे एका रुग्णापासून मिळालेल्या आणि लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशी, फार उपयोगी पडते. तिच्यात ईटीव्ही६ची दुसरी, चांगली प्रतच गळालेली आहे. म्हणजे ईटीव्ही६च्या पुढच्या टोकाला ओळखणारी अँटिबॉडी तिथे फक्त जोडप्रथिनच पकडते. पेशी आणि अँटिबॉडीची जोडी अशी विचारपूर्वक जुळवली की अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असते. तरीही कंपनीच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. पेशींतलं जोडप्रथिन कमी करून वेस्टर्न ब्लॉट करा; त्यात अँटिबॉडीने पकडलेलं प्रथिन पट्ट्यासारखं दिसतं. पट्टा फिका झाला तरच पुढे जा.

बेंचवरचं काम सांगायला सोपं आहे. १ टक्का फॉर्माल्डिहाइडने साधारण १० मिनिटं प्रथिनं जागेवर बांधायची, ग्लायसिनने ते थांबवायचं, मग सोनिकेशनने, म्हणजे ध्वनिलहरींनी, क्रोमॅटिनचे (प्रथिनांसकट डीएनएचे) २०० ते ५०० अक्षरजोड्यांचे तुकडे करायचे. सोनिकेशनची वेळ दुसऱ्या लॅबकडून उसनी घेऊ नका. आपल्या यंत्रावर, आपल्या पेशींवर ती ठरवावी लागते, आणि दर वेळी थोडा डीएनए जेलवर चालवून बघावा लागतो. सिक्वेन्सिंगला पैसे घालण्याआधी क्यूपीसीआर करून ठरावीक जागेचा डीएनए किती आला ते मोजा: एक माहितीतली जागा, एक जिथे काहीच बसू नये अशी. फरक दिसत नसेल तर नमुना पाठवू नका.

इनपुट, म्हणजे अँटिबॉडी न लावलेला तोच डीएनए, हवाच. कर्करोगाच्या पेशींत गुणसूत्रांचे काही भाग जादा असतात. इनपुट नसेल तर तिथे खोटी शिखरं, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांचे ढीग, उभी राहतात. स्वतंत्रपणे वाढवलेल्या पेशींचे किमान दोन नमुने घ्या, आणि प्रत्येकाचे सुमारे २ कोटी वापरण्याजोगे रीड्स (यंत्राने वाचलेले तुकडे).

मॅक्स२ हे सॉफ्टवेअर शिखरांची यादी देतं. ती यादी म्हणजे उत्तर नव्हे. प्रथिन बसलं म्हणून शेजारचं जनुक बदललंच असं नाही. जोडप्रथिन काढल्यावर आरएनए बदलतो का, हे पाहावंच लागतं. उलट, जनुकापासून लांब पडलेलं शिखर टाकूनही देऊ नका. २०१४ साली टी-पेशींच्या ल्युकेमियात असंच उघड झालं. जुर्कॅट या टी-ल्युकेमियाच्या पेशी-मालिकेत टाल१ हे कर्करोगाशी निगडित जनुक जिथे सुरू होतं, त्याच्या साडेसात हजार अक्षरं आधी फक्त १२ अक्षरं जादा घुसलेली होती. त्यामुळे मायबी प्रथिनाला बसायला नवी जागा मिळाली आणि टाल१ पेटून उठलं. प्रथिन बनवणाऱ्या भागातच बदल शोधत राहिलं असतं, तर हे दिसलंच नसतं.

एमएस्सीत असाल आणि अजून लॅब मिळाली नसेल, तर जीईओ या सार्वजनिक संग्रहातला खुला डेटा घ्या. ट्रॅकच्या फायली, म्हणजे गुणसूत्रावर कुठे किती रीड्स आले त्याचे आलेख, साध्या लॅपटॉपवर आयजीव्ही या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. इनपुट आणि चिप एकाखाली एक लावून शंभरेक शिखरं डोळ्यांनी बघा.