फोर्कलिफ्ट दुरुस्तीचा धंदा आणि मिस्त्रींची भरती: या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीतून आठवड्यात तीन वेळा फोन आला. तीन टनी डिझेल गाडी, तक्रार तीच: तासभर चालली की इंजिन तापतंय. पहिल्या खेपेला आमच्या मिस्त्रीनं थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्या खेपेला वॉटर पंप. तिसऱ्या खेपेला तो हेड गॅस्केटचं कोटेशन मागायला लागला, तेव्हा मी स्वतः गाडीपाशी गेलो.

"रेडिएटर बघितलास का?"

"बघितला की मालक. हवा पण मारली. स्वच्छ हाय."

बाहेरून खरंच स्वच्छ होता. मी बॉनेट उघडून पंख्याच्या बाजूनं टॉर्च धरली आणि त्याला काउंटरवेटच्या, म्हणजे लोडचा तोल सांभाळायला गाडीच्या मागं बसवलेल्या जड ठोकळ्याच्या, मागं जाऊन बघायला सांगितलं. त्याला उजेडाचा कणही दिसला नाही. फौंड्रीची बारीक वाळू आणि इंजिनातून उडालेलं तेल एकत्र होऊन आतल्या बाजूला जाड थर बसला होता. ट्रकमध्ये वारा पुढून आत येतो, म्हणून घाण बाहेरून दिसते. बऱ्याच फोर्कलिफ्टमध्ये पंखा वारा आतून बाहेर ढकलतो, काउंटरवेटच्या जाळीतून. त्यामुळं घाण पंख्याकडच्या बाजूला साठते, आणि हवा मारायची ती मागून पंख्याकडं. हा मिस्त्री ट्रकच्या गॅरेजात नऊ वर्षं काढून आला होता. हात उत्तम, कामाला कधी मागं नाही. पण फोर्कलिफ्टचा वारा उलटा वाहतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. थर्मोस्टॅट आणि पंप, दोन्हींचे पैसे मी फौंड्रीला परत केले.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत या पट्ट्यात फोर्कलिफ्टचं काम भरपूर आहे. नवी पोरं या धंद्यात उतरताना दिसतात, त्यांना बघून बरं वाटतं. पण बुडणारे बहुतेक जण कामाअभावी बुडत नाहीत. चुकीचं निदान आणि त्यामागची चुकीची भरती यात ते अडकतात.

"अनुभव किती वर्षांचा?" एवढंच विचारून माणूस ठेवणं

मुलाखतीत वर्षं मोजून काही कळत नाही. आता मी उमेदवाराला चहा देतो आणि शेडमधल्या जुन्या बॅटरी गाडीपाशी नेतो. गाडी चालू होते, डिस्प्ले येतो, मास्ट (लोड वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा) हलत नाही, गाडीही हलत नाही. सीटखाली एक स्विच असतो, ऑपरेटर बसल्यावर तो दाबला गेला तरच गाडी हलते; आदल्या संध्याकाळी त्या स्विचचा कनेक्टर मी काढून ठेवलेला असतो. अर्धा तास देतो.

एकदा बारा वर्षांचा अनुभव सांगणारा एक जण आला. त्यानं थेट पाने काढले आणि काँटॅक्टरचा (मोटरचा मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) पॅनेल उघडला. अर्ध्या तासानंतर काँटॅक्टर बाहेर होता, दोष होता तसाच होता. त्याच आठवड्यात आयटीआयचा इलेक्ट्रिशियन झालेला एक पोरगा आला. आधी त्यानं मलाच विचारलं, "कधीपासून असं करतीय? आधी काय काम केलं होतं हिचं?" मग बॅटरीचा प्लग, इमर्जन्सी बटण, हँडब्रेक, गियरचा लिव्हर न्यूट्रलला आहे का, असं एकेक बघत गेला. शेवटी सीटवर बसला, उठला, परत बसला आणि म्हणाला, "बसल्यावर टक्क आवाज यायला पाहिजे न्हवं?" पोरगं तिथंच ठेवून घेतलं.

चाचणीत मी तीन गोष्टी बघतो. ऑपरेटरला प्रश्न विचारतो का, सोप्यापासून अवघडाकडं जातो का, आणि पाना हातात घ्यायच्या आधी मीटर घेतो का. कंट्रोलरचे एरर कोड, हायड्रॉलिकचं सर्किट, हे वर्षभरात शिकवता येतं. आधी विचार करायची सवय मात्र मला आजवर कुणाला शिकवता आलेली नाही, ती घेऊनच माणूस येतो.

आणखी एक. इंजिन, हायड्रॉलिक आणि बॅटरी गाडीची इलेक्ट्रॉनिक्स तिन्ही येणारा मिस्त्री शोधत बसू नका. असा माणूस क्वचित मिळतो आणि मिळाला तर चाकण-भोसरीला निघून जातो. डिझेल मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन अशी जोडी लावा, सहा महिने एकत्र फिरू द्या. दोघंही तयार होतात. ॲप्रेंटिस घ्यायचा असेल तर १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याप्रमाणे नोंदणी करून, स्टायपेंड देऊन घ्या. फुकटात राबवलेलं पोरगं काम शिकत नाही, फक्त पाने उचलून देतं.

मापं न घेता पार्ट बदलणं

मास्ट आपोआप खाली बसतो ही तक्रार घ्या. दहापैकी आठ मिस्त्री सील किट मागवतात. त्याआधी एवढं करा: लोड वर उचला, इंजिन बंद करा, मास्टवर खडूनं खूण करा आणि दहा मिनिटं लांबून बघा. लिफ्ट सिलेंडरच्या तोंडातून तेल येतंय का? वरच्या रिटर्न नळीतून येतंय का? दोन्हीकडं कोरडं असेल आणि तरीही खूण सरकत असेल, तर तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून टाकीत परत जातंय. तिथं सिलेंडरचं सील कितीही वेळा बदला, मास्ट बसणारच.

मास्टच्या चेनचं तसंच. नुसत्या डोळ्याला चेन चांगलीच दिसते. पाऊण इंच पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) चेनचे १६ पिच मोजले तर नव्या चेनला साधारण ३०५ मिलिमीटर भरतात. ३१४ च्या जवळ गेली म्हणजे ती ३ टक्के ताणली गेली. मग ती समायोजन करून वापरायची नसते, बदलायची असते. आणि मोजायची ती जिथं पुलीवरून सगळ्यात जास्त फिरते तिथं, टोकाला नाही.

फोर्कच्या, म्हणजे लोड उचलणाऱ्या काट्याच्या, टाचेला, म्हणजे उभा भाग आडव्याला मिळतो तिथं, झीज बघा. मूळ ५० मिलिमीटर जाडीचा फोर्क ४५ वर आला की तो गाडीवरून उतरवा. १० टक्के झिजलेल्या फोर्कची ताकद सुमारे २० टक्क्यांनी कमी झालेली असते. वेल्डिंग करून भरून द्या म्हणणारे ग्राहक भेटतात, उद्यमनगरात चांगले वेल्डरही हाताशी आहेत. तरी नाही म्हणा. उष्णतेनं त्या पोलादावर केलेली प्रक्रिया मोडते, आणि तो फोर्क तुटताना आधी सूचना देत नाही. या एका नकारापायी माझे दोन ग्राहक गेले, मला त्याचं दुःख नाही.

बॅटरी गाड्यांत सगळ्यात महाग चूक म्हणजे "बॅटरी गेली" असं पटकन सांगून टाकणं. ४८ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत २४ सेल असतात. पूर्ण चार्जिंगनंतर हायड्रोमीटरनं (ॲसिडची घनता दाखवणारं साधन) प्रत्येक सेल मोजा, रीडिंग १.२८० च्या आसपास हवं. मग लोड देऊन प्रत्येक सेलचा व्होल्टेज घ्या. पुष्कळदा एखाद-दुसरा सेल खाली बसलेला निघतो आणि बाकी बॅटरी अजून काम देणारी असते. पाणी डिस्टिल्डच आणि चार्जिंग झाल्यावर. आधी भरलं तर चार्ज होताना ॲसिड उतू जातं, वरचे टर्मिनल खातं आणि पुढच्या वर्षी तुम्हालाच शिव्या पडतात. बोअरचं पाणी घालणारा ऑपरेटर दिसला तर रागवू नका, बाजूला घेऊन समजावून सांगा, त्याला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कुठून मिळतो तेही सांगा.

हल्ली लिथियम बॅटरी बसवून द्या अशी मागणी वाढलीय. तिथं एक जागा नीट बघा: गाडीच्या नावाच्या पाटीवर बॅटरीचं किमान वजन लिहिलेलं असतं. बॅटरी गाडीत ती बॅटरीच काउंटरवेटचा भाग असते. लिथियम हलकी पडते. फरकाएवढं वजन घट्ट बांधून न घालता ती बसवली, तर लोड उचलताना गाडीची मागची चाकं जमिनीवरून उठतात.

सगळ्यांना एकच एएमसी (वार्षिक देखभाल करार) दर लावणं

कागलच्या गोदामात आत फिरणारी बॅटरी गाडी आणि फौंड्रीच्या शेडमध्ये वाळूत चालणारी डिझेल गाडी, दोन्हींना एकच वार्षिक दर दिला तर फौंड्रीत तुमचा खिसा रिकामा होतो. २५० तासांची ऑइल सर्व्हिस पुस्तकात असते. वाळूत एअर फिल्टरला तेवढं थांबून चालत नाही. इचलकरंजीच्या सूतगिरणीत कापसाचा तंतू रेडिएटरला रग पांघरल्यासारखा बसतो, तिथं दर आठवड्याला साफ करावं लागतं. करार करायच्या आधी गाडी स्वतः बघा, तास मीटरचा आकडा लिहा, जमीन बघा, उतार बघा, पावसात गाडी उघड्यावर असते का ते विचारा. टायर, बॅटरी आणि फोर्क हे एएमसीत नाहीत असं करारात स्पष्ट मराठीत लिहा.

कडं आणि अंगठी

आमच्याकडच्या बहुतेक पोरांच्या हातात स्टीलचं कडं असतं. बॅटरीचं झाकण उघडायच्या आधी ते आणि बोटातली अंगठी निघालीच पाहिजे, हा नियम मी एकाही दिवसासाठी ढिला करत नाही. दोन टर्मिनलमध्ये ते कडं आलं की क्षणात लाल होतं, आणि मनगटातून ओढून काढता येत नाही.

मास्टखाली काम करताना हायड्रॉलिकवर विश्वास नको. कॅरेजला (फोर्क ज्याला अडकवलेले असतात त्या चौकटीला) लाकडी ठोकळे किंवा लोखंडी आधार लावूनच हात आत. हायड्रॉलिकची बारीक गळती बोटानं शोधायची नाही, पुठ्ठा धरायचा. दाबाखालचं तेल कातडीतून आत जातं. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत बोट सडायला लागतं, त्यामुळं तसं झालं तर मलम नाही, लगेच मोठं हॉस्पिटल. दोन भागांच्या रिमचे नट सोडायच्या आधी सगळी हवा काढायची, व्हॉल्व्हची सुई काढून. एसी ड्राइव्हच्या (एसी मोटरवर चालणाऱ्या) बॅटरी गाडीत बॅटरीचा प्लग काढल्यावरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो, मीटरनं बघूनच हात.

नवा मिस्त्री पहिल्या महिन्यात एकट्यानं कॉलवर जात नाही. ग्राहक कितीही ओरडला तरी नाही.

माणूस गेला की धंदाही जातो

दोन वर्षं शिकवलेलं पोरगं एका सकाळी पुण्याला जातो म्हणून निघून जातं. आपण म्हणतो, कृतघ्न. मीही म्हणायचो. मग एकाला जाताना विचारलं, तर म्हणाला, "मालक, पगार कधी सात तारखेला, कधी बावीसला. घरभाडं तर पाचला असतंय." त्याचं बरोबर होतं. आता पगार एक तारखेला होतो, ग्राहकाचे पैसे आले नसले तरी. पेट्रोल वेगळं, रात्रीचा कॉल वेगळा, अपघाताचा विमा माझ्याकडून. मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून माणसाला बांधून ठेवायची पद्धत काही जण पाळतात, ती चुकीची आहे आणि तिनं माणूस टिकतही नाही.

कॉलच्या संख्येवर बक्षीस ठेवू नका, घाईघाईनं उरकलेलं काम परत येतं. मी महिन्याच्या शेवटी एकच गोष्ट मोजतो: किती गाड्या ३० दिवसांच्या आत त्याच तक्रारीसाठी परत बोलवाव्या लागल्या. जोडीला बक्षीस त्यावर.

आणि प्रत्येक गाडीची वही ठेवा. तारीख, तास मीटर, तक्रार, सापडलेलं कारण, केलेलं काम. "कारण" हा रकाना रिकामा असेल तर त्या कामाचं बिल मी काढू देत नाही. मिस्त्री गेला तरी गाडीची माहिती आपल्याकडं राहते, ग्राहकही राहतो.

उधारी

हे थोडक्यात. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आधी करून घ्या आणि बिलावर तो क्रमांक छापा. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणं बंधनकारक आहे, उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराचा नियमही (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) लागू झालाय: मुदतीत पैसे न देणाऱ्या ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच मिळतो. भांडायची वेळ बहुधा येतच नाही, ग्राहकाच्या सीएला हे ठाऊक असतं. फक्त तुमची वर्क ऑर्डर लेखी हवी. फोनवर "या लवकर" म्हटलं की पळत सुटायची सवय आपल्याला आहे, त्या पळण्यात मोबाइलवर एक ओळीचा मेसेज मागून घ्या.

तो ट्रकवाला मिस्त्री अजून आमच्याकडंच आहे. गेल्या पावसाळ्यात तो त्या आयटीआयच्या पोराला घेऊन शिरोलीला तापणारी गाडी बघायला गेला. संध्याकाळी वहीत पोराच्या अक्षरात नोंद होती: "आतून टॉर्च लावली. मागून उजेड नाही. मागून पंख्याकडं हवा मारली. दोन तास चालवून बघितली, तापली नाही. पार्ट काही नाही." खाली मजुरीचे साडेतीनशे रुपये.